देल्फिनाने ओळखलेला सैतान

सोर्बेरा हे इटलीच्या डोंगरातलं आमचं गाव; तिथल्या चर्चला लागून एक लांबट हॉल होता. त्यात शनिवारी आणि रविवारी सिनेमा दाखवत. तिकिटं देल्फिना पेराको विकायची आणि प्रोजेक्टर मी चालवायचो. बाकीचे दिवस मी लाकडाच्या गिरणीत करवतीवर असे आणि ती घरी खिडकीशी बसून कशिदा काढत असे. पाद्र्यांचे झगे, वेदीवरची वस्त्रं, मिरवणुकीचे झेंडे, सगळं तिच्या हातून जायचं. तिची आई आणि मावशीही तेच करत. शाळा तिने चौथीत सोडली होती. पण कोकरू कशाची खूण, मासा कशाची, डाळिंब कुठे काढायचं आणि साप कुणाच्या पायाखाली, हे तिला मांजराला घरची वाट ठाऊक असावी तसं ठाऊक होतं. लग्न तिने केलं नाही. का, ते विचारायची आमची छाती नव्हती.

तिकिटखिडकी बंद झाली की ती दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर येऊन बसायची. प्रत्येक सिनेमा, प्रत्येक खेळ. एकच सिनेमा चार-चारदा कशाला बघता, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली की कापड हातात आलं की ती आधी उलटी बाजू बघते. गाठी कुठे मारल्यात ते तिथेच दिसतं. सिनेमाची उलटी बाजू दुसऱ्या खेळापासून दिसू लागते, म्हणे. मी हसलो होतो. पुढे जे घडलं त्यानंतर हसलो नाही.

सन चौऱ्याहत्तरची गोष्ट. आदल्या वर्षीच्या शरदात तोरिनोहून सिनेमावाल्यांची एक टोळी आमच्याकडे येऊन पंधरा दिवस राहिली होती. त्यांना दगडी घरं, धुकं आणि अरुंद बोळ हवे होते. ते आमच्याकडे भरपूर. सिनेमा सैतानाचा होता. त्या वर्षांत असे सिनेमे फार निघत. नट-नट्या त्यांच्या त्यांनी आणल्या होत्या, पण एक माणूस त्यांनी इथलाच घेतला. तो सेव्हेरो ओल्मो. सेव्हेरो दारोदार फिरून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा. तरुणपणी ओंडक्यांची घसरगाडी त्याच्या डाव्या पायावरून गेली होती, तेव्हापासून लंगडत चालायचा. हातात काठी, मागे काळा कुत्रा, तोंडात शब्द कमी. दिग्दर्शकाने त्याला पुलावरून येताना पाहिलं आणि जागच्या जागी ठरवून टाकलं. सेव्हेरोला एकही वाक्य नव्हतं. चाल म्हटलं की चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं.

सिनेमा तयार होऊन आमच्या हॉलमध्ये आला तो फेब्रुवारीत. आमच्या पाद्र्यांना, फादर इलारियोंना, सैतानाचे सिनेमे पसंत नव्हते. पण हा आपल्या गावातला आणि शेवटी सैतान जळून जातो, म्हणून त्यांनी परवानगी दिली. नेहमीप्रमाणे शुक्रवारी दुपारी त्यांनी एकट्याने सिनेमा पाहिला आणि जिथे जिथे हात वर केला, तिथे मी खूण केली. नंतर तेवढे तुकडे कापून मी डब्यात ठेवले. परत पाठवण्याआधी ते पुन्हा जोडून द्यायचे असत. या खेपेला तुकडा एकच निघाला. गावातला डॉक्टर एका आजारी बाईला तपासतो, तिच्या अंगरख्याची बटणं सोडतो आणि तिचा खांदा उघडा पडतो. पाऊण मिनिटही नसेल. मी तो कापला. खरं सांगायचं तर कापताना मी पुन्हा एकदा खांदाच बघितला.

सिनेमाची गोष्ट अशी. डोंगरातल्या गावात एक लंगडा परका येतो. त्याच्यामागे काळा कुत्रा. तो घरांच्या दारांवर लाल खडूने पाच टोकांची चांदणी काढतो. मग लोक मरू लागतात. गावात एक सभ्य, मृदू बोलणारा डॉक्टर असतो. तो लोकांना एकत्र करतो, धीर देतो, शोध चालवतो. अखेर गावकरी परक्याला त्याच्या खोपटात कोंडून जाळतात. शेवटच्या दृश्यात डॉक्टर आपल्या खिडकीचा पडदा ओढतो आणि सिनेमा संपतो. सैतान कोण होता ते कुणी बोलून दाखवत नाही.

आमच्या गावाला मात्र शंकाच नव्हती. पहिल्या शनिवारी लोक आपापली घरं पडद्यावर बघून खूश झाले. माझं कुंपण, तुझा गोठा, असं चाललं होतं. रविवारी हसणं कमी झालं. सोमवारी सेव्हेरो आपलं चाक घेऊन निघाला तेव्हा बेकरीवाल्या पिनुच्चाने सुऱ्यांना धार आहे म्हणून सांगितलं. पुढच्या घरी कुणी दारच उघडलं नाही. गर्दी होती म्हणून सिनेमा आणखी दोन आठवडे ठेवला, आणि प्रत्येक खेळाबरोबर सेव्हेरोभोवतीचा रस्ता रुंद होत गेला. त्यातच कासानोव्हांची गाय व्यायला अडली आणि मेली. सेव्हेरो आदल्या दिवशी त्यांच्या अंगणात विळे घासून गेला होता, तेवढं पुरलं. ही माणसं वाईट नव्हती. यातल्या निम्म्यांनी युद्धाच्या वेळी आपल्या पोटमाळ्यावर परक्यांना लपवलं होतं. पण अंधारात शंभर माणसांनी मिळून जे पाहिलं, ते उजेडात एकट्याला पुसता येत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी सेव्हेरोच्या दारावर कुणीतरी डांबराने मोठी चांदणी काढली. कुत्र्यालाही दगड बसला होता. त्याच्या कानामागे रक्त सुकलं होतं.

मी गिरणीवरून येताना पाहिलं तर देल्फिना त्या दारासमोर उभी होती. कमरेवर हात, चष्मा कपाळावर. सेव्हेरो आत होता. धुराड्यातून धूर येत होता, पण दार बंद. मला वाटलं, ती रडत असेल. ती चिडलेली होती.

"फिर्मीनो," ती म्हणाली, "चांदणी कुणी काढली ते मला नको सांगूस. पण ज्याने काढली त्याने सिनेमा नीट बघितलेला नाही."

मग तिथेच रस्त्यावर उभ्या उभ्या तिने मला विचारलं की सिनेमात कोणकोण मेलं. मी सांगितलं: गिरणीवाला, शिक्षिका आणि ती आजारी बाई. त्यांच्या दारांवर मरताना चांदणी होती का? मला वाटलं, होती. नव्हती, ती म्हणाली. तिने सहादा पाहिलं होतं. गिरणीवाल्याच्या दारावर फक्त लाल फरकाटा उरला होता. शिक्षिकेच्या दारावर तोच फरकाटा. आणि त्यानंतरच्या दृश्यात डॉक्टर जेवायला बसतो तेव्हा खिशातून रुमाल काढून तोंड पुसतो. त्या पांढऱ्या रुमालाला कोपऱ्यात लाल डाग आहे. ज्यांची चांदणी पुसली गेली ते मेले. ज्यांची राहिली ते वाचले.

"एक टोक वर असलेली पाच टोकांची चांदणी मी कितीतरी वस्त्रांवर काढली आहे," ती म्हणाली. "प्रभूच्या पाच जखमा. ती घर राखते. परका दारं राखत फिरत होता आणि डॉक्टर पुसत. त्याच जेवणात त्याच्यासमोर मीठ येतं, ते तो बोटाने बाजूला सारतो. सैतानाला मीठ सोसत नाही. तेही कुणी बघितलं नाही. सगळे कुत्र्याकडे बघत होते."

मी म्हटलं, पण कुत्रा काळा आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला चौथीत गेल्यासारखं वाटलं.

"पुलापलीकडच्या देवळीत कोण उभा आहे?"

सान रोक्को, मी म्हटलं. रोगराईचा संत. आणि म्हणता म्हणता थांबलो. प्रवाशाचा झगा, हातात काठी, डाव्या मांडीवर उघडी जखम, पायाशी तोंडात पाव धरलेला कुत्रा. गावातलं प्रत्येक मूल दर ऑगस्टात त्याच्या मिरवणुकीत चालतं. मी स्वतः चाळीस वर्षं चाललो होतो. परका लंगडत पुलावरून आला, मागे कुत्रा, आणि शंभर जणांत एकालाही तो ओळखता आला नाही.

पण देल्फिनाला अजून एक गोष्ट खुपत होती. आजारी बाईच्या खोलीत एक मोठा आरसा होता. डॉक्टर दारातून आत येतो तेव्हा आरसा उघडा असतो. पुढच्याच दृश्यात त्याच्यावर काळं कापड आहे आणि बाई त्याच्याकडे डोळे फाडून बघते आहे. आमच्याकडे आरसा झाकतात तो घरात कुणी गेल्यावर. बाई तर जिवंत होती. मग कुणी झाकला? कशासाठी? शिवाय दिवाही मध्येच एकदम मंद झाला होता.

"तिथे शिवण उसवून पुन्हा शिवली आहे," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी काय कापलंत?"

मी तिला हॉलमध्ये घेऊन गेलो, डब्यातला तुकडा काढला आणि दिव्यासमोर धरला. तिने भिंग लावून एकेक चौकट पाहिली. मग भिंग माझ्याकडे दिलं. पुढे बाई, तिचा खांदा, तिच्यावर वाकलेला डॉक्टर. मागे आरसा. आरशात पलंग होता, बाई होती, उशाशी दिवा होता. डॉक्टर नव्हता. पुढच्या चौकटींत बाई ते बघते, मग डॉक्टर शांतपणे उठून आपल्या काळ्या कोटाने आरसा झाकतो.

मी ती पट्टी दोन वेळा बघून, एकदा कात्रीने कापून, डब्यात ठेवली होती. देल्फिनाने भिंग पुसून पिशवीत ठेवलं आणि म्हणाली, चल, फादरकडे.

फादर इलारियो सूप पीत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, सगळं ऐकून घेतलं, पट्टीही पाहिली. माणूस सज्जन, पण थकलेला. तीन गावांची चर्चं एकटा सांभाळत होता. दारावरच्या डांबराबद्दल रविवारी प्रवचनात बोलेन, असं ते म्हणाले. तुकडा जोडायचं मात्र त्यांच्या मनात नव्हतं. खांद्याचं कारण त्यांनी एकदाच काढलं, मग खरं बोलले.

"देल्फिना, तो तुकडा घातला तर सिनेमाचा अर्थच फिरतो. निरपराध माणूस जळतो आणि सैतान खिडकीचा पडदा ओढून झोपायला जातो. सैतान जिंकतो. चर्चच्या हॉलमध्ये मी ते कसं दाखवू?"

"जिंकतोच आहे की," देल्फिना म्हणाली. "दार बघून या. फादर, तुम्ही खांदा झाकलात आणि सैतानाला मोकळं सोडलंत. तो आता सेव्हेरोच्या नावावर फिरतोय."

फादरनी चमचा खाली ठेवला. नंतर त्यांनी कोट चढवला आणि एकटेच बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना डांबर लागलं होतं. पुसायचा प्रयत्न केला असणार, ते निघालं नव्हतं. मला म्हणाले, जोड.

रविवारी दुपारचा खेळ. हॉल भरलेला, मागे लोक उभे. दिवे मालवायच्या आधी देल्फिना तिकिटखिडकीतून निघून सरळ पडद्यासमोर गेली. वीस वर्षांत ती कधी पुढे गेली नव्हती. तिच्या काखेत सान रोक्कोच्या मिरवणुकीचा झेंडा होता, तिच्या मावशीने काढलेला आणि तिने दोनदा दुरुस्त केलेला. तिने तो उलगडून दोन्ही हातांनी समोर धरला.

ती फार बोलली नाही. हा कोण, तुम्हाला माहीत आहे, असं म्हणाली. याचा पाय बघा, कुत्रा बघा, काठी बघा, आणि मग सिनेमा बघा. चांदणीकडे नका बघू, ती कोण पुसतं तिकडे बघा. आणि आज एक तुकडा जास्तीचा आहे, तिथे बाईच्या खांद्याकडे बघायचं नाही, आरशाकडे बघायचं.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे इतके दिवस आम्ही आंधळे होतो का?"

"नाही," ती म्हणाली. "घाईत होता."

मी दिवे मालवले. तो खेळ मी कधी विसरणार नाही. लाल डागाच्या रुमालाला पहिली कुजबुज झाली. मिठाच्या वेळी पिनुच्चा मोठ्याने म्हणाली, अरे हो की. मग आरसा आला. त्यापुढची पंधरा मिनिटं लोकांनी खाली मान घालून काढली, कारण आता पडद्यावर जे खोपटाला आग लावत होते ते त्यांच्यासारखेच दिसत होते, त्यांच्याच बोळांतून धावत होते. डॉक्टरने पडदा ओढला. मी दिवे लावले. कुणी उठेना. मग कासानोव्हा उठला, ज्याची गाय मेली होती तो, आणि टोपी घालून बाहेर गेला. सेव्हेरोचं दार त्याने कुऱ्हाडीच्या पात्याने खरवडलं. डांबर निघालं, खाली लाकडावर ओरखडे राहिले.

सेव्हेरो यातल्या कशालाच हजर नव्हता. त्याने सिनेमा पाहिलाच नव्हता. सोमवारी सकाळी देल्फिना त्याच्याकडे गेली, मीही बरोबर होतो, कारण मला त्याची माफी मागायची होती. ती मी कशीबशी मागितली. त्याने मान हलवली, आम्हाला बसायला सांगितलं, चुलीवरचा मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत राहिला. मग विचारलं, त्या सिनेमात आहे तरी काय? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस तो फक्त चालला होता आणि थांबला होता.

देल्फिनाने त्याला सगळा सिनेमा सांगितला. पहिल्या धुक्यापासून. तिला प्रत्येक दृश्य पाठ होतं, कोण कुठून आलं, दिवा कुठे होता, कुणी कुठल्या हाताने दार उघडलं. सेव्हेरो ऐकत होता, कुत्रा त्याच्या पायावर डोकं ठेवून पडला होता. ती शेवटापाशी आली आणि पहिल्यांदाच अडखळली.

"मग मी मरतो का?" सेव्हेरोने विचारलं.

"हो. जाळतात तुला."

"आणि दारं?"

"ज्या घरांवरची चांदणी राहिली ती सगळी वाचतात. मी मोजली. अकरा."

सेव्हेरोने भांडं खाली उतरवलं. "अकरा म्हणजे बरीच झाली," तो म्हणाला, आणि तिला पहिलं ताट वाढलं.

गाव लगेच बदललं असं नाही. पिनुच्चाने त्याच आठवड्यात पावाच्या सगळ्या सुऱ्या बाहेर काढल्या, धार असलेल्यासुद्धा. काहींनी दोन महिने घेतले. एकदोघांनी शेवटपर्यंत दार उघडलं नाही. उलट एक नवीनच ताप झाला. आमच्या गावाला खरोखरचा एक डॉक्टर होता, बिचारा मृदू बोलणारा आणि पांढरा रुमाल बाळगणारा. बायका त्याला बघून मीठ पुढे करू लागल्या. एका घरात तर त्याला आरशासमोरच बसवलं. तो देल्फिनाकडे तक्रार घेऊन आला. त्या रविवारी तिकीट देताना तिने प्रत्येकाला ऐकवलं की सिनेमातलं सिनेमात ठेवा, नाहीतर तिकीट मिळणार नाही. तेव्हा ते थांबलं.

तिने दिग्दर्शकाला पत्रही लिहिलं. उत्तर आलं ते मी वाचून दाखवलं. आरसा, रुमाल आणि मीठ त्यांनी मुद्दाम ठेवलं होतं, आणि इतक्या बारकाईने कुणी पाहिल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते. सान रोक्कोबद्दल मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की ते त्यांच्या डोक्यातही नव्हतं. तो माणूस आणि तो कुत्रा पुलावर एकत्र छान दिसले, इतकंच. मला वाटलं, ती खट्टू होईल. ती म्हणाली, "त्याची आजी इकडचीच कुणीतरी असेल. हाताला आठवतं, डोक्याला आठवत नाही." आणि सुईत दोरा ओवू लागली.

त्यानंतर लोक सिनेमा सुटल्यावर लगेच घरी जाईनात. तिकिटखिडकीपाशी घोळका जमे. ते घुबड कशासाठी होतं, जिन्याला तेराच पायऱ्या का, त्या बाईने अंगठी कुठल्या हातात घातली होती. देल्फिना नेहमी उलट विचारायची, तुला काय दिसलं? आणि समोरचा बोलेपर्यंत थांबायची. जे तिला माहीत नसे ते माहीत नाही म्हणायची; हे मी आमच्या गावात फार थोड्यांकडून ऐकलं आहे. तोरिनोहून शिकलेले लोक येऊन आमच्या हॉलमध्ये सिनेमावर भाषणं करून गेले. त्यांना शब्द पुष्कळ येत. पण पडद्यावर काय होतं ते तिच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं. फादर इलारियो शुक्रवारी दुपारी तिलाही बोलावू लागले. हात वर करण्याआधी ते तिच्याकडे बघत. माझे तुकड्यांचे डबे हळूहळू रिकामे राहू लागले.

दोनएक वर्षांनी तोच सिनेमा कुनेओ शहरातल्या मोठ्या थिएटरात पुन्हा लागला. सेव्हेरोने ते कुठूनतरी ऐकलं आणि देल्फिनाला म्हणाला की आता बघावा म्हणतो. दोघं सकाळच्या बसने गेली. त्याने दाढी केली होती, कुत्रा माझ्याकडे ठेवला होता. संध्याकाळी परतल्यावर मी विचारलं, कसं वाटलं सेव्हेरोला स्वतःला बघून. देल्फिनाने डोक्यावरचा रुमाल सोडला आणि हसली. खुर्च्या मऊ होत्या, म्हणाली. पुलावरून चालत येईपर्यंत तो अगदी ताठ बसून बघत होता, कुत्रा दिसला तेव्हा तिचा हात दाबला. मग दिवेलागणीच्या दृश्यात झोपला. खोपट जळलं तेव्हा घोरत होता. पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघत होती, पण तिने काही त्याला उठवलं नाही.